शिशाची पेटी

"माणसाचं काळीज जिथं विसावतं, तीच त्याची भूमी," प्रोजेक्ट मॅनेजर आर्डिच साहेब गंभीरपणे म्हणाले आणि त्यांनी कॉफीचा कप समोरच्या कागदावर ठेवला.

कागद दत्ताराम वेल्डरचा मृतदेह भारतात पाठवण्याचा होता. आखातातल्या हाइलच्या गव्हाच्या कोठारांवर काम करताना दत्ताराम अकरा दिवसांपूर्वी हार्ट अटॅकनं गेला. बाकी सगळे शिक्के झाले होते. साहेबांची सही तेवढी राहिली होती.

कॅम्पचा टाइमकीपर विश्वनाथ कपाकडे बघत उभा राहिला. दत्ताराम त्याच्या खोलीतला, खालच्या पलंगावरचा. दोघंही संगमेश्वराकडचे.

साहेब स्कॉटलंडचे. त्यांचे सातशे वर्षांपूर्वीचे पूर्वज सर इव्हान हे मोठे सरदार होते, हे साइटवरच्या गवंड्यांनाही पाठ होतं. तीन किल्ले, दोन बायका, एकमेकांच्या जिवावर उठलेले चार मुलगे. सरदार जेरुसलेमच्या वाटेवर तापानं मेले. धाकट्या मुलानं त्यांचं काळीज शिशाच्या पेटीत घातलं आणि पेटी गळ्यात बांधून चालत घर गाठलं. दुसऱ्या बायकोनं अडीच वर्षं वाट पाहिली. काळीज येईपर्यंत तिनं चर्चची घंटा वाजू दिली नाही. इथं साहेबांचा आवाज दर वेळी जड व्हायचा.

"काय ती निष्ठा, विश्वा."

"हो सर. सही?"

"आल्यावर. नीट वाचून करायला हवी."

साहेब महिनाभर रजेवर चालले होते. काळजाच्या दफनाला सातशे वर्षं होत होती. सहीचा अधिकार त्यांनी कुणाला दिला नाही. जबाबदारीचं काम होतं.

तुळसाबाईचा, दत्तारामच्या बायकोचा, दर शुक्रवारी फोन यायचा. अग्नी दिल्याशिवाय दिवस घालता येत नव्हते. सुतक फिटत नव्हतं. देवापुढं दिवा नव्हता, आणि लेकीची, रोशनीची, ठरलेली सोयरीक दारातून मागं चालली होती.

"भावोजी, किती दिस असं बसू?"

"साहेब आले की लगेच, वयनी."

चौथ्या शुक्रवारी फोन आला नाही.

साहेब परत आले आणि कागद न वाचता सही करून मोकळे झाले. विश्वनाथनं जिन्यातूनच फोन लावला.

"वयनी, झाली सही. शनिवारी विमानात घालतो."

पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता. मग तो थांबला.

"नका पाठवू, भावोजी. भटानं दर्भाचा पुतळा करून दिला. त्याला अग्नी दिला. काल तेरावं झालं."

"अहो, पण दत्ताराम इथं आहे."

"एका मानसाला दोनदा कसं जाळू? पोरीचं लगीन हाय पुढल्या म्हैन्यात. तिथंच बघा काय ते."

इथल्या दफनासाठी वेगळा कागद लागतो. विश्वनाथ तो घेऊन पुन्हा केबिनमध्ये गेला. साहेबांनी कारण विचारलं नाही. ते सोहळ्याचे फोटो दाखवू लागले.

"काळीज पाहिलंत, सर?"

"पेटी उघडली. रिकामी निघाली. तज्ज्ञ म्हणाले, आत कधी काही ठेवलेलंच नव्हतं." साहेबांनी पुढचा फोटो काढला. "पण प्रार्थना फार सुंदर झाली."

दत्ताराम शवागारात, चौदा नंबरच्या खणात, काळजासकट पूर्ण होता.