मुलीसाठी केलेला अर्ज

कॅन्ससच्या व्हर्ना स्टॅडलरने तरुणपणी गर्भपाताच्या हक्कासाठी राज्य सरकारला कोर्टात खेचलं. ती जिंकली, कायदा बदलला. पण निकाल लागेपर्यंत तिची मुलगी जोलीन चालायला लागली होती. त्या केसमधला नको असलेला गर्भ आपणच होतो, हे जोलीनला तिशीत कळलं आणि तिने आईशी बोलणंच टाकलं.

सहा वर्षं फोनची वाट पाहून व्हर्नाने अर्ज केला: माझ्या केसचा तो निकाल रद्द करा.

"बाई, तो निकाल आता तुमच्या एकटीचा राहिलेला नाही," असं म्हणून न्यायाधीशांनी अर्ज फेटाळला.

व्हर्ना वळली, तर मागच्या बाकावर जोलीन! व्हर्ना धडपडतच तिच्यापाशी गेली.

"हरले गं पोरी. पण तू आलीस! तुझ्यासाठीच केलं हे सगळं."

जोलीनने तिचा हात हळूच बाजूला केला.

"मॉम, मागच्या वर्षी मला चौथा महिना असताना माझं रक्त थांबत नव्हतं. तुझ्या त्या निकालामुळेच डॉक्टर माझा गर्भपात करू शकले, म्हणून मी जिवंत आहे."



जोलीन पुढे म्हणाली, "आज मी तुझ्याविरुद्ध साक्ष द्यायला आले होते."