समोरून घेतलेलं माप

कर्करोगात माझा उजवा स्तन गेला, तेव्हा तिथे सिलिकॉनची पिशवी बसवली. दोन वर्षांत शरीराने तिच्याभोवती कवच आवळलं आणि छातीचा दगड झाला. आज ते कवच काढून पिशवी बदलायची होती. सहायक डॉक्टर खुणेचं पेन घेऊन समोर उभे राहिले. लाजून नजर वळवत त्यांनी रेघ ओढली ती चांगल्या, डाव्या स्तनावर. "झालं, मावशी. चला आत." "थांबा! बाजू चुकली!" "घाबरू नका, कागदावर उजवीच लिहिलीय." "तुमची उजवी ती माझी डावी! तीस वर्षं ब्लाउज शिवतेय, समोरून माप घेताना हीच चूक होते. माझं फक्त कापड वाया जायचं." त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मी त्यांचा हात उजव्या स्तनावर ठेवला. "दाबून बघा." मी कळवळले. "दुखतं?" पहिल्यांदाच माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं. "खूप. आता काढा रेघ."