फवाऱ्याची बाटली
सायगॉनमधल्या आमच्या गल्लीत बाबांचा नियम सगळ्यांना ठाऊक होता: साथ आहे तोवर फाटकावर आलेली कोणतीही पिशवी फवारल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही. दुकानांतलं सॅनिटायझर संपलं तेव्हा त्यांनी फवाऱ्याच्या बाटलीत घरची तांदळाची दारू भरली. "अहो भाऊ, दारूनं आंघोळ मेलेल्या माणसाला घालतात, मुळ्याला नाही!" समोरच्या न्युंगकाकू खिडकीतून ओरडायच्या. "मुळ्याला चढली तर चढू दे, घरात ताप नको," बाबा म्हणायचे. ताप त्यांनाच आला. रुग्णालयात आम्हाला जवळ जाऊ दिलं नाही; तिकडूनच परस्पर दहनाला नेलं. आज साथीच्या कामावर नेमलेल्या एका सैनिकानं अस्थिकलश फाटकावर आणून दिला. मी तो छातीशी धरून आत निघाले, तोच आई बाटली घेऊन आडवी आली. "थांब. तसाच नेलास तर चिडतील ते." कलश नीट भिजवून ती म्हणाली, "झाली आंघोळ. या आत."