तपकिरी डायरीवाला

तो माणूस आजही आला होता. सलग तिसरा दिवस.

मोहाडीच्या बस स्टँडजवळ भैय्यालालचे 'करुणा कॉम्प्युटर' होते आणि बरोबर समोर चहाची टपरी. तिथल्या बाकावर तो बसायचा. कडक इस्त्रीचा शर्ट, जाड मिशी, मांडीवर तपकिरी डायरी. डायरीत बघायचा, मग दुकानाकडे बघायचा आणि ओठ हलवत काहीतरी मोजायचा. काल मिशी जरा बारीक वाटली होती, पण भैय्यालालला मिशीचे काय घेऊन बसायचे? त्याची नजर त्या डायरीवरून हलत नव्हती.

दुकानात अकरा कॉम्प्युटर आणि अकराही कॉम्प्युटरांत डुप्लिकेट सॉफ्टवेअर. टायपिंगच्या क्लासपासून दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकांच्या पोस्टरपर्यंत सगळे त्यावरच चालायचे. सगळेच करतात, म्हणून त्याने कधी मनावर घेतले नव्हते. पण मागच्याच महिन्यात कानावर आले होते की सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसांनी कुठेतरी असल्याच एका दुकानाला सील ठोकले. बापाचा हातमाग विकून त्याने हे दुकान उभे केले होते. माग उचलून नेला त्या दिवशी आई, जानकीबाई, जेवली नव्हती. आता दुकानही गेले तर तिला तोंड कसे दाखवायचे?

शेवटी न राहवून तो रस्ता ओलांडून गेला.

"साहेब, काही काम होतं का?"

"काम होऊनच राहिलं." आवाज असा भारदस्त, की स्टँडवरची दोन माणसे वळून बघू लागली. "किती मशीनी आहेत तुमच्याकडे?"

"अकरा."

"साऱ्या ओरिजनल?"

"चालतात बराबर," एवढेच भैय्यालाल म्हणाला.

माणसाने डायरीत दोन ओळी लिहिल्या आणि तुमसरची बस पकडली.

ही ब्याद कोणी लावून दिली? विचार करता करता भैय्यालालच्या डोळ्यांसमोर रश्मी आली. करडीची रश्मी मेश्राम, हायस्कूलची शिक्षिका. दर रविवारी मोहाडीच्या समाजभवनात तिच्या गटाचा मेळावा भरायचा. कोणीही आपला कॉम्प्युटर घेऊन जावे, गटातली पोरे त्यात मुक्त सॉफ्टवेअर टाकून द्यायची. ज्यांनी ते लिहिले त्यांनीच सगळ्यांना वापरायला, वाटायला मोकळे ठेवलेले. पैसा नाही, चोरीही नाही. दोन वर्षे ती भैय्यालालच्या मागे लागली होती. "फुकटची वस्तू मी दारात ठेवत नाई," असे म्हणून त्याने तिला दर वेळी वाटेला लावले होते. आणि ती सीलची बातमी? तीही तिनेच सांगितली होती की!

आज रविवारच होता. तो तडक समाजभवनात गेला.

"रश्मी मॅडम, खरं सांगा. त्या कंपनीवाल्याले तुमीच पाठवलं ना माह्यावर?"

रश्मीने हातातली वायर खाली ठेवली. "भाऊ, मी एकाही कंपनीवाल्याले ओळखत नाई. आईची शपथ."

"मंग तो कायले येऊन राहिला?"

"ते मी कशी सांगू? पण तुमच्या मशीनी साफ असत्या तर तुमाले भ्यायचं काय काम होतं?"

शपथ घेताना तिची पापणीही हलली नव्हती. भैय्यालालचा पुरता विश्वास बसला असे नाही, पण बुडत्याने किती विचार करायचा?

"सायंकाळपर्यंत अकराही होतील?" त्याने विचारले.

"आत्ताच येतो आमी," रश्मी म्हणाली.

शटर अर्धे ओढून काम सुरू झाले. भैय्यालाल एकेका पोराच्या मागे उभा राहून बघत होता. कुठे काही चोरून तर नेत नाहीत ना? मधेच रश्मीचा फोन वाजला. "हो मामा, होऊन राहिलं. तुमी तालमीले जा," असे म्हणून तिने तो ठेवला. उन्हे कलायच्या आत अकराही कॉम्प्युटर साफ झाले. जुनी पत्रे उघडली, मराठी टाइप झाले, पोस्टरही बनले. भैय्यालालने तीनतीनदा तपासले. खोट म्हणून सापडेना.

सोमवारी डायरीवाला थेट दुकानात शिरला. त्याने एकेक स्क्रीन वाकून पाहिली.

"हे साऱ्यांवर?"

"साऱ्यांवर!" भैय्यालालची छाती आता फुगली होती. "लपवाछपवीचं नाव नाई साहेब, कोणालेही बोलवा."

माणसाने डायरी मिटली, मान डोलावली आणि गेला. पुन्हा काही तो टपरीवर दिसला नाही.

मग काय विचारता! भैय्यालाल जो भेटेल त्याला धरून मुक्त सॉफ्टवेअर समजावू लागला. पुढच्या रविवारी समाजभवनात तो माइक घेऊन उभा राहिला, सील ठोकायला आलेल्या त्या साहेबाची गोष्ट त्याने मीठमसाला लावून सांगितली. ती ऐकून मोहाडीच्या आणखी दोन दुकानदारांनी तिथल्या तिथे नावे दिली. रश्मी शेवटच्या रांगेत तोंडावर ओढणी धरून बसली होती. बिचारीचे डोळे भरून आले असतील, असे भैय्यालालला वाटले आणि तिच्यावर संशय घेतल्याची त्याला मनापासून लाज वाटली.

म्हणूनच दिवाळीनंतर ती दुकानात आली तेव्हा त्याने स्वतः उठून तिला खुर्ची दिली.

"भाऊ, एक पोस्टर पायजे होतं. करडीच्या मंडईत माह्या मामाचं नाटक आहे. फोटो आन् नावं यात आहेत." तिने पेन ड्राइव्ह पुढे केला. "मामाच येणार होते, पण आज त्यांची सुटी नाई. आठ दिवस ते तुमसरले बसून आहेत."

"तुमसरले काय आहे?"

"नऊ टायपिंगवाले आहेत," रश्मी म्हणाली.

भैय्यालालने हसत मान हलवली आणि पहिला फोटो उघडला. कडक इस्त्रीचा शर्ट, जाड मिशी, हातात तपकिरी डायरी. खाली टाकायचा मजकूर रश्मीने नीट टाइप करून दिला होता : 'इन्स्पेक्टरच्या भूमिकेत, झाडीपट्टीचे लाडके नट भोजराज.'