खेकड्यांबद्दल अवाक्षर नाही

कोलंबियाच्या प्रोव्हिडेन्सिया बेटावरच्या आपल्या घरातल्या दोन खोल्या ऑर्विल पाहुण्यांना भाड्याने देई. त्या दिवशी तो बोगोटाच्या कुणा बाईशी फोनवर बोलत होता आणि माशाच्या रश्शासाठी नारळ खवता खवता त्याची बायको मार्लेनी आतून ऐकत होती.

"विमान अगदी छोटं आहे, बाई. वारा सुटला की येतच नाही. बोटीने आलात तर उलट्यांची तयारी ठेवा. पाणी पावसाचं, टाकीतलं, जपून वापरावं लागतं. आणि मे महिन्यात डोंगरावरून खेकडे उतरतात. रस्ता बंद होतो, घरातसुद्धा शिरतात. हे सगळं चालणार असेल तरच या हं!"

तो 'हं' ऐकून मार्लेनीच्या अंगाचा तिळपापड झाला. लग्न ठरवायला मेदेयीनला तिच्या माहेरी आलेला हाच माणूस सात रंगांच्या समुद्राबद्दल तासन्‌तास बोलला होता. खेकड्यांबद्दल अवाक्षर नाही! नव्या नवरीच्या बुटातून खेकडा निघाला, तेव्हा कुठे तिला कळलं.

त्याने फोन ठेवला तशी ती तरातरा बाहेर आली.

"चार दिवस येणाऱ्या त्या सटवीला एवढ्या मायेने सगळं खरं सांगतोस! आणि मी जन्मभरासाठी येत होते, तर मला नुसते सात रंग? कोण लागते रे ती तुझी?"

ऑर्विलने तिच्या केसांत अडकलेला नारळाचा कीस हलकेच काढला.

 

"कोणीच लागत नाही गं. ती नाही आली, तर माझं काय अडतंय?"