मापयंत्राला माळ

माळ घातली आणि टक्क असा आवाज झाला. मापयंत्राच्या दांडीला लटकणारा प्रोब, म्हणजे माप घेणारी नाजूक सुई, खालच्या काळ्या दगडावर पडला होता. त्याचे दोन तुकडे झाले होते.

खंडेनवमीची पूजा चालली होती, सगळा कारखाना बाहेर लेथपाशी नारळ फोडण्यात गुंतलेला. तपासणीच्या खोलीत मोना आणि गोपाळकाका, दोघंच.

"काका, मी नुसता हात लावला हो."

गोपाळराव या खोलीचे जुने प्रमुख. दर वर्षी इथली पूजा तेच करायचे; यंदा मात्र "आता तुम्ही पोरांनी शिकायचं" म्हणत ताट त्यांनी मोनाच्या हाती दिलं होतं. त्यांनी तुकडे उचलून रुमालात बांधले.

"कोणाला बोलू नको, बेटा. मी बघतो ना."

प्रोब परदेशी, लाखांच्या घरातला. आणि मोनाची नोकरी अजून कच्ची. दिवाळीला पक्की करू, असं मॅनेजर राजवीर साहेबांनी कबूल केलं होतं. वडील अंथरुणाला खिळल्यापासून घर तिच्याच पगारावर चालायचं.

दसरा झाला, कारखाना उघडला. मापयंत्र बंद आहे हे सगळ्यांना कळलं. कोणामुळे, ते कोणी विचारलंच नाही. तेच तिला खुपत होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, जो तो आपल्याकडेच बघतोय असं तिला वाटायचं. त्यात काकांची तऱ्हा न्यारी. ती आली की त्यांचा फोन बंद. साहेबांच्या केबिनमधून निघाले तर नजर चुकवून पुढे गेले. आणि जन्मात कोणाला चहा न पाजणारा हा माणूस आता रोज तिच्यासाठी कप घेऊन येत होता. म्हातारा आपलं नाव सांगणार, तिची खात्रीच झाली.

"साहेबांशी काय बोलत होता, काका?"

"माझ्या निवृत्तीचं. दोनच महिने उरले आता." काका चष्मा पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "झोप लागते का गं तुला?"

"नाही."

"मग मनातलं बोलून टाकावं. तू लहान आहेस, तुला सांभाळून घेतील."

ती गेली आणि एका दमात सगळं सांगून आली. साहेब ओरडले नाहीत. "सच बोललीस, ठीक आहे," म्हणाले. "पण पक्कं करायचं आता पुढच्या साली बघू."

मोना खूप रडली. तरी छातीवरचा दगड उतरला होता. लाज वाटली ती एवढीच, की ज्या माणसानं आपलं गुपित राखलं त्याच्यावरच आपण संशय घेतला. खोलीत येऊन ती काकांच्या पाया पडली.

"असू दे, असू दे," म्हणत काका मागे सरकले. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते लेकीकडे धारला गेले.

त्याच दिवशी इंदूरहून यंत्र दुरुस्त करणारा अंशुल नवा प्रोब घेऊन आला. मोनानं काकांच्या खणातला रुमाल सोडून तुकडे त्याच्यापुढे ठेवले. आता लपवायचं काय होतं?

"माझ्या हातून तुटला, भिया. नवमीला, माळ घालताना."

अंशुलनं तुकडा उजेडात धरला, नखानं खरवडला आणि हसला.

"नवमीला कसा? अष्टमीलाच गोपाळकाकांचा फोन आला होता मला, पुसताना हातून पडला, गोंदानं चिकटेल का म्हणून."