खाली धरलेला पॅड

"आपल्यातलंच कुणीतरी फितलंय," तेजलच्या तोंडावरून ओला टॉवेल फिरवत खंडारे सर पुटपुटले.

तेजलने डावा ठोसा मारला की तिचा हात हनुवटीशी न येता छातीशी परत यायचा आणि समोरची मुलगी नेमकी तेव्हाच तोंडावर ठोसा हाणायची. बॉक्सिंगच्या फायनलच्या दोन फेऱ्या हेच चाललं होतं. आता शेवटचीच उरली होती.

समोरच्या कोपऱ्यात मोनाली उभी होती. सरांच्याच हाताखाली शिकून गेल्या वर्षी ती त्या मुलीच्या क्लबात गेली होती.

"बघ कशी हसतेय! तिनंच सांगितलं तुझं सगळं."

तेजलने चूळ थुंकली. "सांगायला कशाला पाहिजे, सर? खांदा दुखायला लागल्यापासून सरावाला तुम्ही ठोसे झेलायचा पॅड पोटाशी धरता. रोज तिथं मारते, म्हणून हात तिथूनच परत येतो. मोनालीताईचंही तेच व्हायचं. मार खाऊन खाऊन आपला क्लब सोडून गेली ती."

"मग बोललं का नाही कुणी?"

"तुम्हीच विचारलं असतं, तुला कुणी शिकवून पाठवलं म्हणून."

सरांनी टॉवेल बाजूला ठेवला, दात आवळून दुखरा हात तिच्या तोंडाच्या उंचीपर्यंत नेला आणि पंजा उघडला.

"इथं मार. आणि हात सरळ हनुवटीशी आण."

तिने मारला. सरांच्या खांद्यातून कळ गेली, पण हात खाली आला नाही.

"पुन्हा," ते म्हणाले.